आवटी सरांचा आवाज

आवटी सरांच्या व्यायामशाळेत एक प्रश्न विचारायला बंदी होती. बारला वजन किती लावलंय, हे कुणी विचारायचं नाही.

कुपवाडच्या कारखान्यांच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये ही व्यायामशाळा होती. सर बारला प्लेटा चढवत असताना वजन उचलणाऱ्या मुलीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. भिंतीवर शेंदरी मारुतीची तसबीर, तिच्याकडे बघायचं. प्लेटांचा खणखणाट थांबला की पाठीमागून एकच शब्द यायचा, "उचल." मग वळायचं, नजर सरांच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि खाली वाकून बार धरायचा. वजन बघून मुली घाबरतात, असं सरांचं म्हणणं होतं. त्यांनी सगळ्या प्लेटा एकाच काळ्या रंगानं रंगवून टाकल्या होत्या, म्हणजे चुकून बघितलं तरी काही कळायला नको.

कार्तिकी चौगुले चौदा वर्षांची असताना या शेडमध्ये आली आणि ती बंदी तिच्या अंगात मुरली. मोठ्या स्पर्धांत प्लेटा रंगीत असतात, माईकवरून वजनाचा पुकारा होतो, भला मोठा बोर्ड झळकत असतो. कार्तिकी कानांत कापूस कोंबायची, बोर्डाकडे पाठ करायची आणि सरांच्या ओठांकडे बघायची. आपण किती उचललं, हे तिला परतीच्या प्रवासात जेवणाचा डबा उघडल्यावर सर सांगायचे तेव्हा कळायचं. पत्रकारांना ही गंमत वाटे. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. घरात दिवा लावायला बटण दाबतो, तेव्हा वीज कुठून आली हे कोण विचारतं?

कधीकधी मात्र सर दुसरंच बोलायचे. प्लेटांचा आवाज थांबायचा, थोडा वेळ शांतता, सर नाक ओढायचे, आणि मग, "आज नको." एवढंच. कारण सांगायचे नाहीत. सोळाव्या वर्षी, राज्य स्पर्धेच्या निवडीच्या आदल्या दिवशी ते असं म्हणाले होते. कार्तिकीनं मुकाट्यानं बेल्ट सोडला आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. मोठं वजन लावलं होतं आणि सरांचा आपल्यावर भरवसा बसला नाही, हे तिच्या मनात त्या दिवशी रुतलं ते रुतलंच. पुढे पदकं आली, रेल्वेत नोकरी लागली, सरांचे केस पांढरे झाले. तो काटा जागेवर होता.

ती एकोणतीस वर्षांची झाली तेव्हा पुण्याजवळच्या ऊर्जिता या क्रीडा-संशोधन केंद्रानं तिला निवडलं. आशियाई स्पर्धेचं वर्ष होतं आणि या वयात पुढचं वर्ष मिळण्याची खात्री कुणी देत नसतं.

ऊर्जितामध्ये सगळं पांढरं आणि थंड होतं. तिथले शास्त्रज्ञ ओजस कर्णिक दिसायला कॉलेजातल्या पोरासारखे, बोलायला भलते मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या कपाळावर एक मऊ पट्टी बांधली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"सोप्या भाषेत सांगतो, ताई. आपण दमतो तेव्हा स्नायूंतली ताकद संपलेली नसते. मेंदू ती काढू देत नाही. मेंदू हा कंजूष खजिनदार आहे. अंगाला इजा होऊ नये म्हणून तो बरीच शिल्लक राखून ठेवतो आणि आधीच ओरडतो, संपलं, संपलं. तुम्ही बार धरता त्याच्या क्षणभर आधी तो हिशेब करतो की हे जमणार की नाही. त्याचं 'जमेल' आलं की तिजोरीचं दार थोडं जास्त उघडतं. आम्ही त्याला होकार म्हणतो. विश्वास, श्रद्धा, जिद्द असं जे काही लोक म्हणतात ना, ते शेवटी या होकारात दिसतं. पट्टी तो वाचते. होकार आला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा दिव्याचंच खरं होतं."

"आणि हे दार जास्त उघडलं तर?" कार्तिकीनं विचारलं.

"तर पदक," ओजस हसून म्हणाले.

केंद्रातल्या कोकणातल्या मुली त्या पट्टीला कौल म्हणायच्या. देवाला फुलं लावतात आणि उजवं पडतं की डावं ते बघतात, तसंच हे. फक्त गुरवाच्या जागी संगणक आणि नारळाच्या जागी रक्ताचे नमुने.

कार्तिकीच्या बाबतीत मात्र कौलानं सगळ्यांना गोंधळात टाकलं. सर सोबत होते आणि "उचल" म्हणाले, की वजन काहीही असो, दिवा हिरवागार. दुसऱ्या प्रशिक्षकानं तोच शब्द उच्चारला, की दिवा लाल. कुणीच काही बोललं नाही, तरी लाल. ओजसनी दोन आठवडे डोकं खाजवलं आणि मग जरा चाचरतच तिला सांगितलं, "ताई, राग मानू नका. तुमचा स्वतःवर विश्वास दिसतच नाही. जो काही आहे तो सगळा यांच्या आवाजावर आहे."

कोपऱ्यात बसलेल्या आवटी सरांनी चहाचा घोट घेतला. "एवढं मोठं यंत्र आणलंसा आणि हे शोधलंसा?"

कार्तिकीला हसू आलं. तिला राग आला नव्हता. हे तिला ठाऊकच होतं.

पण केंद्राला ते पुरेसं होतं. माणूस साठीचा, मधुमेही, उद्या आजारी पडला तर? आवाज बसला तर? त्यापेक्षा आवाजच घेऊन ठेवू. आवटी सरांना काचेच्या खोलीत बसवलं, त्यांच्याही कपाळावर पट्टी बांधली आणि दिवसभर एकच शब्द म्हणायला लावला. समोर पडद्यावर कार्तिकीच्या जुन्या स्पर्धांची चित्रफीत चालू होती. ती बारकडे येते, सर म्हणतात, उचल. पुन्हा येते, पुन्हा उचल. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा घोगरा झाला.

काचेबाहेर उभ्या असलेल्या कार्तिकीला सरांच्या पट्टीचा दिवा दिसत होता. तो लाल होता. सर शब्द उच्चारत होते आणि प्रत्येक वेळी दिवा लाल होत होता. राष्ट्रीय विक्रम झाला त्या चित्रफितीलाही लाल.

 "हे काय आहे?" तिनं विचारलं.

ओजसनी घाईघाईनं पडदा बंद केला. "ते महत्त्वाचं नाही. आपल्याला त्यांचा आवाज हवाय, मन नको. आवाजात एक बारीक थरथर आहे त्यांच्या, भीतीची असावी. ती आम्ही काढून टाकू. मग बघा."

पंधरा वर्षं ज्या माणसाच्या एका शब्दावर ती जिवावर उदार झाली, त्या माणसाला ती उचलेल असं एकदाही वाटलं नव्हतं. खोलीकडे परतताना तिनं सरांना काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते खरं बोलले असते तर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

थरथर काढलेला आवाज तिच्या कानात बसवला, तेव्हा पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. सरांचाच आवाज, पण ऐन तिशीतला. कसली शंका नाही, कसला खाकरा नाही. "उचल." आणि वजन कापसाचं झालं. स्पर्धांमध्ये पट्टी आणि असे आवाज वापरायला वेटलिफ्टिंग महासंघानं दोन वर्षांपूर्वीच परवानगी दिली होती, त्यामुळे देशभरातले म्हातारे प्रशिक्षक काचेच्या खोल्यांत बसून एकेक शब्द घोकत होते. आवटी सरांचं काम झालं. खरा आवाज आणि कानातला आवाज दोन्ही असले तर होकार डळमळतो, म्हणून केंद्रानं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कुपवाडला पाठवलं.

जाताना ते दारात थांबले. "कंबर कशी हाय?"

"बरी आहे, सर."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि निघून गेले.

कंबर बरी नव्हती. मणक्यांमधली एक गादी सरकू लागली होती आणि डॉक्टरांनी तसं लेखी दिलं होतं. पण कानात आवाज असला की कंबर दुखायची नाही. काहीच दुखायचं नाही. पहिले काही महिने कार्तिकीला वाटलं, हाच स्वर्ग. सकाळी आवाज, दुपारी आवाज, प्रत्येक आठवड्याला वजन वाढतंय आणि दमणं म्हणजे काय ते विसरायला झालंय. मग संध्याकाळी कानातलं यंत्र काढलं की सगळी थकलेली देणी एकदम दारात येऊन उभी राहायची. पायऱ्या चढताना कठडा धरावा लागायचा. चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना, म्हणून तिनं बिनपट्ट्याच्या चपला आणल्या. आई फोनवर बोलत असताना तिचा डोळा लागायचा. पुढे पुढे तिला झोपेचीही वाट बघावीशी वाटेना, कारण झोपेतून उठल्यावरही ती तेवढीच दमलेली असायची. आणि हे कुणाला सांगणार? आकडे तर उत्तम होते.

एके दिवशी सरावाच्या आधी तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या. तिनं अंगठा हलवून बघितला. तो हलला, पण जरा उशिरा. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, इतक्या वर्षांच्या सवयीनं. सर असते तर, तिच्या मनात आलं, आता ती शांतता पडली असती. मग त्यांनी नाक ओढलं असतं आणि म्हणाले असते...

"उचल," कानातला आवाज म्हणाला.

तिनं उचललं. दिवा हिरवा होता.

त्या संध्याकाळी ती ओजसच्या खोलीत गेली. "मला सरांचा अजून एक शब्द हवाय. 'आज नको' असा."

ओजसना आधी कळेना. "म्हणजे नकारात्मक सूचना? तसं ध्वनिमुद्रण आम्ही केलंच नाही, ताई. त्यानं होकार खाली येतो."

"सर म्हणायचे तसं."

"किती वेळा?"

"वर्षातनं दोन-तीनदा."

"मग त्या दिवसांचा सराव वायाच गेला की," ते मनापासून हळहळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या यंत्रात त्या शब्दाला जागाच नव्हती, त्याला तो बिचारा काय करणार?

कार्तिकी खोलीवर आली आणि पलंगाच्या कडेला बसली. सरांना फोन करावा असं तिला वाटलं. पण लाल दिवा डोळ्यांसमोर आला आणि तिनं फोन उशीखाली ठेवला.

आशियाई स्पर्धेची निवड चाचणी भुवनेश्वरला होती. तिच्या वजनगटातून एकच जण जाणार होती. स्नॅच, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेण्याचा प्रकार, बरा गेला. क्लीन अँड जर्कचे, म्हणजे बार आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर नेण्याच्या प्रकाराचे, पहिले दोन प्रयत्नही झाले. दुसऱ्या प्रयत्नानंतर ती मागच्या बाकावर बसली तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली आपला नसल्यासारखा झाला होता. पंजाबची एक मुलगी तिच्यापुढे गेली होती. तिसऱ्या प्रयत्नाचं वजन केंद्रानं ठरवलं, आकडा पाठवला. तो उचलला तर कार्तिकी जाणार, नाही तर नाही, आणि मग पुन्हा कधीच नाही. ही गोष्ट तिथल्या फरशी पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक होती.

नाव पुकारलं. ती हातांना पांढरी पूड चोळून मंचावर आली. घड्याळ सुरू झालं. एक मिनिट.

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, कठड्याला चिकटून, आवटी सर बसले होते. मांडीवर चहाचा थर्मास, खांद्याला तीच फाटकी पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं. कुपवाडहून दोन गाड्या बदलून आले असणार.

"उचल," कानातला आवाज म्हणाला. तरुण, स्वच्छ, निर्भय. तिचं अंग हलकं झालं. कंबर नाहीशी झाली. मांड्यांत ताकद भरून आली आणि कपाळावरचा दिवा हिरवा झाल्याचं तिला समोरच्या पंचांच्या चष्म्यात दिसलं. प्रेक्षकांनी टाळ्या धरल्या.

ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. या आवाजाला कशाचीच भीती नव्हती, आणि तेच तिला खटकलं. भीती नसलेला माणूस तिला काय सांभाळणार? सर पाठीमागे उभे असायचे तेव्हा ती निर्धास्त असायची, कारण ते नको म्हणू शकत होते. वर्षातनं दोन-तीनदाच म्हणत, पण म्हणत. त्या दोन-तीन नकारांच्या जिवावर बाकीचे सगळे होकार उभे होते. आणि ते नकारच यांनी घासून पुसून काढले होते, थरथरीबरोबर.

तिनं कानातलं यंत्र काढलं आणि मंचाच्या कडेला ठेवलं. कंबर परत आली, पाय परत आला. इतका थकवा अंगात उतरला की तिला वाटलं, आता इथेच बसावं. टाळ्या थांबल्या.

तिनं सरांकडे बघितलं. ते उठून उभे राहिले होते. ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर उडत होती. घाबरलेला एक म्हातारा माणूस. ती शब्दाची वाट बघत राहिली. कुठलाही एक चालला असता. सर काही बोलले नाहीत.

मग कार्तिकी चौगुलेनं आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून बारकडे बघितलं. लाल प्लेटा, निळी प्लेट, वर बोर्डावर आकडा. एकशे सव्वीस किलो. आकडे तिला नंतर कळायचे, पण एवढं लोखंड तिनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. एवढं? आपण एवढं उचलत होतो? गव्हाची पोती आली तर भाऊ आणि वडील दोघं मिळून एक उचलतात. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं, आणि पंधरा वर्षं कुणीतरी आपल्याच घरातली वस्तू आपल्यापासून लपवून ठेवावी, तसा रागही आला. क्षणभर तिला वाटलं, उचलावंच. आता तर माझं मी बघितलंय.

डाव्या पायाचा अंगठा तिनं बुटात हलवून बघितला. तो हलला नाही.

"आज नको," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण म्हणाली. स्वतःसाठी तिनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता. तिनं वाकून बारला हात लावला, तो कपाळाला नेला आणि घड्याळ चालू असतानाच मंचावरून उतरली.

आत ओजस धावतच आले. चेहरा पांढराफटक. "ताई, आवाज काढेपर्यंत होकार पूर्ण होता! तुम्ही उचललं असतं. मी लिहून देतो, उचललं असतं."

"माहितेय," कार्तिकी म्हणाली. "त्यानंतर मला कुणी उचललं असतं?"

 ओजस हातातल्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या हिशेबात बार डोक्यावर गेला की गोष्ट संपत होती.

बाहेर स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं. आवटी सर थर्मासचं झाकण उघडायच्या खटपटीत होते. कार्तिकी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्यांच्यापर्यंत आली. आतून पंजाबच्या मुलीच्या नावाचा गजर ऐकू येत होता.

"तुमचा दिवा लाल होता," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काचेच्या खोलीत. प्रत्येक वेळी लाल. मी बघितलं."

"असंल की," सर म्हणाले. "मला काय ठाव? भ्या वाटायचं."

"मग उचल का म्हणायचा? तुम्हाला तर वाटतच नव्हतं मी उचलीन म्हणून."

"तू उचलशील का न्हाय, ते मला कसं कळणार गं? ते तुझ्या हातात. तू मोडणार न्हाईस ना, एवढंच मी बघायचो. तेवढं दिसलं की म्हणायचो उचल. पुढचं सगळं तूच केलंयस." झाकण अखेर निघालं. त्यांनी चहा ओतला, थोडा पायरीवर सांडला. "त्या यंत्रानं बरोबर पकडलं मला. तुला वाटायचं सर लई भरवशाचा. सर आपला जीव मुठीत धरून उभा."

कार्तिकीनं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. तेरा वर्षांचा काटा अजून जागेवर होता.

"राज्याच्या निवडीच्या आदल्या दिवशी तुम्ही आज नको म्हणालात. मी सोळाची होते. किती लावलं होतं त्या दिवशी?"

सरांनी मान खाली घातली. ओशाळल्यासारखे हसले. "काय न्हाई."

"काय नाही म्हणजे?"

"रिकामा बार हुता. लोखंडाची नुसती दांडी."

"प्लेटांचा आवाज आला होता मला."

"तो मी वाजिवला, मांडणीवर आपटून. तू दारातनं आलीस तवाच तुझं तोंड उतरलेलं, अंगात ताप. सांगितलं असतं घरी जा, तर ऐकलं असतंस व्हय? रडली असतीस, भांडली असतीस. म्हणून वाजिवलं." ते थांबले. "बारकडं मी कधी बघतच नव्हतो, कार्तिके. तुझ्याकडं बघायचो."

कार्तिकी त्यांच्याकडे बघत राहिली. तेरा वर्षं ती एका वजनावर रागावली होती, जे लावलेलंच नव्हतं. तिला ओरडायचं होतं, हसायचं होतं, आणि दोन्हीसाठी लागतो तेवढा दम तिच्यात उरला नव्हता.

"आणि आज? आज का नाही बोललात? मी वाट बघत होते."

"बोलणारच हुतो. पर तू बारकडं वळलीस." सरांनी नाक ओढलं, डोळे पुसले असं दिसू नये म्हणून थर्मास उगाच खालीवर केला. "म्हटलं, आता हिचं ही बघतीया."

गजर थांबला होता. आत राष्ट्रगीताच्या तालमीचे सूर लावत होते. आशियाई स्पर्धा गेली होती, कदाचित सगळंच गेलं होतं, आणि उद्या डॉक्टर काय सांगतील कुणास ठाऊक. कार्तिकीला हे सगळं कळत होतं आणि तिला फार वाईट वाटत होतं. तरी त्याखाली दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं, पंधरा वर्षांत कुणापुढे उच्चारलं नव्हतं असं.

"सर," ती म्हणाली, "मी दमलेय."

आवटी सरांनी पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि पायरीवर तिच्यासाठी जागा केली.

"बस," ते म्हणाले.